स्वयंप्रकाशनाच्या ‘संपूर्ण पॅकेज’चे परीक्षण: छपाई चांगली, संपादन नावापुरते

सांगलीच्या मार्केट यार्डातील एका अडत पेढीवर मी २२ वर्षे हिशेबनीस म्हणून काम केले. त्या काळात हळदीच्या सौद्यांच्या इतक्या पट्ट्या, म्हणजे विक्रीच्या हिशेबाच्या चिठ्ठ्या, लिहिल्या की, कोणत्याही व्यवहाराचा कागद हाती आला की तोलाई, हमाली आणि अडत किती कापली आहे हे मी आधी पाहते. २०२३ साली माझी पहिली कादंबरी स्वतःच्या खर्चाने प्रकाशित करताना मात्र मी ही सवय बाजूला ठेवली होती. पुण्यातील एका स्वयंप्रकाशन संस्थेच्या ‘संपूर्ण पॅकेज’चे हे परीक्षण मी दोन वर्षे थांबून लिहीत आहे, कारण पुस्तकाचे खोके घरी आले त्या आठवड्यात लिहिले असते तर मी या सेवेला पैकीच्या पैकी गुण दिले असते, आणि पहिल्या चुका दिसल्या त्या महिन्यात लिहिले असते तर कदाचित एकही दिला नसता. संस्थेचे नाव देण्याचा माझा हेतू नाही. जवळजवळ याच शब्दांत मांडलेली पॅकेजे आज अनेक ठिकाणी मिळतात आणि माझे म्हणणे त्या सगळ्यांना लागू पडते. कादंबरीचे नावही देत नाही, कारण येथे परीक्षण सेवेचे आहे.

कादंबरीचा विषय मात्र सांगावा लागेल, कारण पुढच्या काही तक्रारी त्याच्याशी बांधलेल्या आहेत. सांगलीजवळ कृष्णा आणि वारणा यांच्या संगमावर हरिपूर हे गाव आहे. तेथे जमिनीखाली खोदलेल्या पेवांमध्ये हळद वर्षानुवर्षे साठवली जात असे. २००५ च्या महापुरात या पेवांचे फार मोठे नुकसान झाले. पेवात उतरणाऱ्या हमालांच्या एका टोळीची गोष्ट मी सात वर्षे लिहीत होते. हस्तलिखित चार प्रकाशकांकडे पाठवले. दोघांकडून उत्तर आले नाही, तिसऱ्यांनी चौदा महिन्यांनी नकार कळवला आणि चौथ्यांनी निम्म्या प्रती मीच विकत घ्याव्यात अशी अट घातली. निम्म्या प्रती मीच घ्यायच्या असतील तर सगळ्याच आपल्या नावाने का छापू नयेत, असा विचार करून मी स्वयंप्रकाशनाकडे वळले. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखकांच्या पहिल्या पुस्तकासाठी अनुदान योजना आहे, हे मला पुस्तक छापून झाल्यावर कळले. ज्यांचे पहिले हस्तलिखित अजून घरातच आहे त्यांनी तिची चौकशी आधी करावी, कारण ती संधी पहिल्या पुस्तकापुरतीच असते.

पॅकेजची किंमत ६८,००० रुपये होती. त्यात संपादन, मुद्रितशोधन, अक्षरजुळणी आणि मांडणी, मुखपृष्ठ, डेमी या पुस्तकांच्या नेहमीच्या आकारात ३०० प्रतींची छपाई, आयएसबीएनसाठी (पुस्तकाच्या आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांकासाठी) साहाय्य आणि ‘राज्यभर विक्री’ इतक्या गोष्टी धरल्या होत्या. कागदावर या सगळ्यांचा एकच आकडा होता. कोणत्या कामाला किती पैसे, याची फोड नव्हती. अडत पेढीवर अशी पट्टी कोणत्याही शेतकऱ्याने हातात घेतली नसती. मी ती घेतली, कारण समोरचे गृहस्थ अतिशय सौजन्याने बोलत होते आणि सात वर्षांनंतर प्रथमच कोणीतरी ‘तुमची कादंबरी’ असा शब्द उच्चारत होते. पहिल्यांदा लिहिणाऱ्या माणसाला या शब्दाची किती भूक असते, हे ज्याने लिहिले आहे त्यालाच कळेल.

सर्वांत आधी अक्षरजुळणीविषयी लिहिते, कारण मराठी पुस्तकाचा खरा कस तेथे लागतो आणि नव्या लेखकाला त्याची कल्पना सहसा नसते. मी संपूर्ण मजकूर घरी युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या संगणकांवर चालणाऱ्या प्रमाण अक्षरपद्धतीत, टंकलिखित केला होता. संस्थेच्या मांडणीकाराने तो त्यांच्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये रूपांतरित केला. या रूपांतरात य आणि ह यांना जोडून येणारा मराठीचा आडवा ‘र’ नाहीसा झाला आणि त्याच्या जागी सरसकट रफार बसला. ‘पायऱ्या’ लिहिले होते तेथे ‘पायर्या’ झाले, ‘वाऱ्यावर’चे ‘वार्यावर’ झाले. ही केवळ दिसण्यातली चूक म्हणून सोडून देता येत नाही, कारण मराठीत या दोन रूपांनी अर्थ बदलतो. माझ्या कादंबरीत मुकादमाच्या मुलीच्या लग्नाचा प्रसंग आहे आणि त्यात ‘आचाऱ्यांनी भाताची पातेली उतरवली’ असे वाक्य आहे. दुसऱ्या मुद्रितात, म्हणजे तपासणीसाठी आलेल्या प्रुफात, ते ‘आचार्यांनी भाताची पातेली उतरवली’ असे छापून आले. स्वयंपाक करणारा आचारी आणि विद्यादान करणारा आचार्य यांच्यात मराठी लिपीने जो फरक जपला आहे, तो एका बटणासरशी पुसला गेला होता.

अशी एकूण ४३ ठिकाणे मी लाल शाईने दाखवून पाठवली. तिसऱ्या मुद्रितात ती सर्व दुरुस्त झालेली मी पाहिली आणि छपाईला संमती दिली. छापून आलेल्या पुस्तकात मात्र त्यांतली सहा पुन्हा तशीच होती, कारण एका प्रकरणाची जुनी फाइल छपाईला गेली होती. संस्थेने चूक मान्य केली आणि स्वतःच्या खर्चाने शुद्धिपत्राची चिठ्ठी छापून दिली, हे मी त्यांच्या बाजूने नोंदवते. परंतु शुद्धिपत्र वाचून मग कादंबरी वाचणारा वाचक मला अजून भेटलेला नाही. लग्नाचे ते वाक्य याच सहांपैकी एक होते.

दुसरी गोष्ट फॉर्मची. पुस्तक सहसा १६ पानांच्या फॉर्ममध्ये, म्हणजे घडी घातल्यावर १६ पाने होणाऱ्या एकेका मोठ्या कागदावर, छापले जाते. माझी कादंबरी मांडणीत २९१ पानांची झाली. अठरा फॉर्म म्हणजे २८८ पाने. उरलेल्या तीन पानांसाठी एकोणिसावा फॉर्म घेतला तर तेरा पाने कोरी राहतात आणि खर्च वाढतो. येथपर्यंत सर्व समजण्यासारखे आहे. अशा वेळी लेखकाला विचारून काही ओळी कमी करून घेणे हा सरळ मार्ग होता. माझ्याकडून एक पान कमी करायला त्यांनी सांगितले असते तर मी तीन केली असती. तसे न करता संपूर्ण पुस्तकातील ओळींमधले अंतर किंचित कमी करण्यात आले. रोमन लिपीत असा बदल कदाचित खपून जाईल, पण देवनागरीत अक्षराच्या वर वेलांट्या, मात्रा आणि रफार असतात व खाली उकार आणि जोडाक्षरांचे पाय असतात. वरच्या ओळीतल्या ‘कृष्णा’चा ऋकार खालच्या ओळीतल्या ‘र्कीं’च्या अनुस्वारावर टेकलेला मी भिंगाशिवाय दाखवू शकते. माझे ७६ वर्षांचे काका, ज्यांनी मला पेवांच्या निम्म्या गोष्टी सांगितल्या, त्यांना पुस्तक चाळीस पानांपुढे वाचवले नाही. ‘ओळी अंगावर येतात गं,’ असे ते म्हणाले. त्यांच्यासाठीच लिहिलेले पुस्तक त्यांना माझ्याकडून वाचून घ्यावे लागले, याचे दुःख मला आजही आहे.

आता संपादन. पॅकेजमधल्या या शब्दाचा अर्थ मी माझ्या मनाने लावला होता. संपादक हस्तलिखित वाचील, कोठे गोष्ट सैल पडली आहे, कोणते पात्र अर्ध्यावर सोडले आहे, सुरुवात कोठून व्हायला हवी, हे सांगेल, अशी माझी अपेक्षा होती. प्रत्यक्षात मला मिळाले ते शुद्धलेखनाच्या नियमांनुसार तपासलेले हस्तलिखित. तेही काम उपयोगाचे आहे आणि माझ्या अनेक ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका त्यातून निघाल्या. पण तपासणाऱ्या व्यक्तीने हमालांच्या तोंडची भाषाही ‘शुद्ध’ केली. ‘बसा की’ होते तेथे ‘बसा ना’ आले. ‘जेवला न्हवं?’ याचे ‘जेवलात ना?’ झाले. पेवाचे तोंड उघडल्यावर आतली हवा कोंदट आहे का हे पाहण्यासाठी टोळीतला म्हातारा दोराने कंदील सोडतो आणि वर उभ्या असलेल्या पोराला म्हणतो, ‘इजला तर हितंच ऱ्हायाचं, उतरायचं न्हाई.’ हे वाक्य मला तपासणीनंतर ‘विझला तर इथेच थांबायचे, उतरायचे नाही’ अशा रूपात परत आले. अर्थ तोच राहिला आणि म्हातारा नाहीसा झाला. मी एकेक संवाद पुन्हा मूळ रूपात आणला. त्याला अकरा रात्री लागल्या. संस्थेशी बोलले तेव्हा उत्तर मिळाले की, पॅकेजमध्ये प्रमाण मराठीचे शुद्धलेखन तपासणे एवढेच येते, आशयाच्या संपादनाचे दर वेगळे आहेत. हे दर आरंभी सांगितले असते तर मुखपृष्ठावरचा खर्च कमी करूनही मी ते भरले असते.

छपाईविषयी मात्र माझी काहीही तक्रार नाही, आणि जेथे काम चांगले झाले आहे तेथे ते मोकळेपणाने सांगितले पाहिजे. ७० जीएसएमचा (चौरस मीटरला ७० ग्रॅम वजनाचा) नॅचरल शेड, म्हणजे किंचित पिवळसर कागद डोळ्यांना सुखद होता, शाई सर्व फॉर्ममध्ये सारखी बसली होती, कापणी सरळ होती. मुखपृष्ठावर हळदीचा पिवळा रंग नेमका उतरावा म्हणून मी वाळलेल्या हळकुंडाचा तुकडा पाकिटात घालून पाठवला होता आणि चित्रकार मुलीने तो तुकडा मोडून, आतला रंग पाहून, मुखपृष्ठाची पार्श्वभूमी केली. तिने मला फोन करून विचारले होते, ‘काकू, बाहेरचा रंग हवा की मोडल्यावरचा?’ संपूर्ण प्रक्रियेत माझ्या कादंबरीविषयी मला विचारला गेलेला तो एकमेव खरा प्रश्न होता. बांधणी परफेक्ट बाइंडिंगची, म्हणजे पाठीला सरस लावून चिकटवलेली होती. ती घरगुती वाचनाला पुरते. वाचनालयात दहा-बारा हातांतून गेल्यावर पाने सुटू लागतात, हे मला पुढे कळले.

आयएसबीएन, कॉपीराइट आणि प्रतींची शासकीय पाठवणी या तीन गोष्टींविषयी थोडे सविस्तर लिहिणे आवश्यक वाटते, कारण येथे लेखकाचे अज्ञान हेच विक्रीचे साधन बनते. भारतात आयएसबीएन क्रमांक राजा राममोहन रॉय राष्ट्रीय एजन्सीकडून मिळतो, अर्ज ऑनलाइन करता येतो आणि त्याला शुल्क नाही. लेखक स्वतःच्या नावाने, स्वतः प्रकाशक म्हणून अर्ज करू शकतो. संस्थेने दिलेला क्रमांक वापरला तर नोंदीत प्रकाशक म्हणून संस्था राहते, ही गोष्ट मला एका शिक्षक मित्राने वेळेवर सांगितली, म्हणून मी माझ्या नावाने अर्ज केला आणि क्रमांक मिळाला. कागदपत्रे जोडताना दोन वेळा अर्ज परत आला, पण दोन्ही वेळा काय कमी आहे ते स्पष्ट लिहिलेले होते. या शासकीय सेवेला मी मनापासून चांगले म्हणते. कॉपीराइटचेही तसेच आहे. १९५७ च्या कायद्यानुसार हक्क लिहिताक्षणीच लेखकाचा असतो आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. नोंदणी ऐच्छिक आहे. पुरावा म्हणून ती करून ठेवायला हरकत नाही, परंतु नोंदणी केली नाही तर कादंबरी चोरीला जाईल, अशी भीती घालून कोणी जादा पैसे मागत असेल तर ते देऊ नयेत.

तिसरी गोष्ट बहुतेक स्वयंप्रकाशित लेखकांना ठाऊकच नसते. १९५४ च्या ग्रंथ वितरण कायद्यानुसार प्रकाशित पुस्तकाची प्रत प्रकाशकाने ३० दिवसांच्या आत स्वखर्चाने कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला, तसेच मुंबई, चेन्नई आणि दिल्ली येथील ठरवून दिलेल्या ग्रंथालयांना पाठवायची असते. पॅकेजमध्ये याचा उल्लेखही नव्हता, कारण कायद्याने प्रकाशक मी होते. चार पाकिटे बांधून सांगलीच्या टपाल कार्यालयात मी रांगेत उभी राहिले, त्या दिवशी मला प्रथमच आपण प्रकाशक आहोत असे वाटले. समारंभात फीत सोडवून प्रकाशन झाले तेव्हा तसे वाटले नव्हते. कोलकात्याच्या त्या ग्रंथालयात हरिपूरच्या पेवांविषयीचे एक मराठी पुस्तक माझ्यानंतरही राहील, या विचाराने मला जे समाधान दिले ते कोणत्याही विक्रीने दिलेले नाही.

‘राज्यभर विक्री’ या शब्दांचा अर्थ संस्थेच्या संकेतस्थळावर एक पान आणि तेथे मागणी आली तर कुरिअरने प्रत रवाना करणे, एवढाच निघाला. दोन वर्षांत तेथून १४ प्रती गेल्या आणि त्यांपैकी पाच माझ्या नात्यातल्या माणसांनी मागवल्या होत्या. पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात मी स्वतः पिशवी घेऊन फिरले. दुकानदार वाईट वागले नाहीत. त्यांच्या फळीवर जागा कमी आणि पुस्तके उदंड, ही त्यांची अडचण मला दिसत होती. एका अनोळखी लेखिकेच्या पाच प्रती परतीच्या बोलीवर ठेवून घेणे हाही त्यांचा चांगुलपणाच होता. वितरकांनी मागितलेली सूट ४५ टक्के होती. माझी किंमत ३८० रुपये होती, म्हणजे माझ्या हातात प्रतीमागे २०९ रुपये आले असते, आणि पॅकेजच्या हिशेबाने प्रत मला २२६ रुपयांहून थोडी अधिक पडली होती. प्रत्येक विकल्या गेलेल्या प्रतीमागे तोटा होईल अशी किंमत मी छापून बसले होते, आणि किंमत ठरवताना संस्थेत कोणीही मला हे साधे त्रैराशिक मांडून दाखवले नव्हते. बावीस वर्षे हिशेब लिहिलेल्या मला ते स्वतः सुचायला हवे होते, हेही तितकेच खरे.

वाचनालयांचा अनुभव मात्र निराळा आणि फार आनंदाचा आहे. महाराष्ट्रात १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्यामुळे गावोगावी अनुदानित वाचनालये आहेत, अ, ब, क, ड अशा त्यांच्या श्रेणी आहेत आणि अनुदानाचा काही भाग ग्रंथखरेदीसाठी असतो. मिरज, तासगाव, वाळवा, शिरोळ या तालुक्यांतल्या वाचनालयांत मी एसटीने गेले. काही ठिकाणी ग्रंथपालांनी पुस्तक उघडून पहिले पान उभ्या उभ्या वाचले आणि मग पावती करायला सांगितले. ग्रामीण वाचनालयात पुस्तक घेतले गेले म्हणजे ते वाचलेही जाते, असा माझा अनुभव आहे. एका वाचनालयातल्या प्रतीच्या मागच्या चिठ्ठीवर वर्षभरात १९ शिक्के पडलेले मी पाहिले. त्या प्रतीची पाठ सुटलेली होती आणि कोणीतरी ती दाभणाने टोचून जाड दोऱ्याने शिवली होती.

ई-पुस्तकाविषयी थोडक्यात. किंडल डायरेक्ट पब्लिशिंग या अ‍ॅमेझॉनच्या सेवेवर मराठी पुस्तक लेखकाला स्वतः चढवता येते आणि त्यासाठी पैसे लागत नाहीत, त्यामुळे या कामासाठी कोणत्याही पॅकेजला रक्कम देण्याचे कारण नाही. मानधनाचे दर ३५ आणि ७० टक्के असे दोन आहेत. भारतातल्या विक्रीवर ७० टक्के हवे असतील तर पुस्तक ९० दिवसांच्या मुदतीने केवळ तेथेच डिजिटल रूपात ठेवण्याची योजना स्वीकारावी लागते. युनिकोडमधली मूळ फाइल मी जपून ठेवली होती, म्हणून हे काम तीन दिवसांत झाले. जुन्या फाँटमधली फाइल असती तर ते जमलेच नसते. पॅकेज घेणाऱ्या प्रत्येकाने अंतिम दुरुस्त्या केलेली युनिकोड फाइल मिळेल असे करारात लिहून घ्यावे, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

आता पट्टी मांडते. पॅकेजचे ६८,००० आणि टपाल व प्रवासाचे ४,३०० मिळून खर्च ७२,३०० रुपये झाला. ३०० प्रतींपैकी २१२ विकल्या गेल्या. त्यांतल्या ११८ मी स्वतः किंवा संकेतस्थळामार्फत सवलतीत ३०० रुपयांना दिल्या, ६१ दुकानांतून ३५ टक्के सुटीने गेल्या आणि ३३ वाचनालयांनी २५ टक्के सुटीने घेतल्या. एकूण ५९,८७२ रुपये जमा झाले. तूट साडेबारा हजारांच्या आत राहिली. ४० प्रती अभिप्रायासाठी आणि प्रेमाने दिल्या, चार कायद्याप्रमाणे गेल्या, नऊ वाटेत खराब झाल्या आणि ३५ माझ्या कपाटात आहेत. सात वर्षांच्या कामाची ही तूट मला जड वाटत नाही. पैशांच्या बाबतीत या सेवेने मला फसवले असे मी म्हणणार नाही. तिने मला जे विकले ते छपाईचे काम होते आणि ते तिने नीट केले.

खरी उणीव मला एका वाचनालयाच्या ग्रंथपाल बाईंमुळे कळली. त्या माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान आहेत. पुस्तक वाचून झाल्यावर त्यांनी मला मुद्दाम बोलावून घेतले, चहा मागवला आणि बराच वेळ इकडचे तिकडचे बोलून झाल्यावर म्हणाल्या, ‘ताई, राग मानू नका, पण तुमची कादंबरी ६१ व्या पानावर सुरू होते.’ मी घरी येऊन पुस्तक उघडले. ६१ व्या पानावर कंदील पेवात उतरतो. त्याच्या आधीच्या साठ पानांत मी गावाचा इतिहास, संगमेश्वराचे देऊळ, हळदीच्या जाती आणि मुकादमाच्या आजोबांची जमीन असे सारे सांगत बसले होते. मला ठाऊक असलेली प्रत्येक गोष्ट वाचकालाही ठाऊक व्हावी, ही माझी ओढ खरी होती, पण त्या ओढीने दाराशीच वाचकाला अडवून ठेवले होते. हे वाक्य मला छपाईच्या आधी कोणीतरी सांगायला हवे होते. प्रकाशकाचे मुख्य काम हेच आहे, असे मी आता मानते. तो स्वतःचे पैसे घालत असतो, म्हणून त्याला नको म्हणण्याचा अधिकार असतो आणि त्या नकारातून हस्तलिखित सुधारते. पॅकेजमध्ये पैसे लेखकाचे असतात, त्यामुळे तेथे कोणीही नको म्हणत नाही. माझ्या पहिल्या साठ पानांची अक्षरजुळणी, तपासणी आणि छपाई चार माणसांच्या हातांखालून गेली आणि एकाही माणसाने मला थांबवले नाही. त्यांना कदाचित ते जाणवलेही असेल. थांबवण्यासाठी त्यांना कोणी नेमले नव्हते.

दुसरी आवृत्ती मी यंदा सांगलीतल्याच एका लहान छापखान्यातून काढली. पहिल्या साठ पानांची बारा केली, २४० पानांत म्हणजे बरोबर १५ फॉर्ममध्ये पुस्तक बसवले आणि वाचनालयांसाठी फॉर्म शिवून बांधणी करून घेतली. २०० प्रतींना प्रत्येकी १६५ रुपये पडले. अक्षरजुळणी युनिकोडमध्येच झाली आणि ऑपरेटरशेजारी खुर्ची टाकून मी प्रत्येक ‘ऱ्य’ डोळ्यांनी पाहिला. छापखान्याचे मालक अधूनमधून येऊन ‘मॅडम, अजून काय ऱ्हायलंय का?’ असे विचारत आणि खरोखर थांबत. ज्यांच्या गावात असा छापखाना आहे, ज्यांना धावपळ करण्याइतका वेळ आहे आणि ज्यांना वाचून स्पष्ट बोलणारी दोन माणसे मिळू शकतात, त्यांनी पॅकेजच्या वाटेला जाण्याची गरज नाही. ज्यांना मुखपृष्ठ, कागद आणि छपाई यांची दगदग नको आहे त्यांनी पॅकेज जरूर घ्यावे. मात्र प्रत्येक कामाची वेगळी किंमत लिहून मागावी, ओळींचे अंतर ठरवून छापील नमुना पान पाहावे, आणि संपादनाचे पैसे त्यातून वजा करून ते काम बाहेरच्या, पूर्णपणे स्वतंत्र माणसाला द्यावे.

नव्या कादंबरीच्या बाबतीत मी तसेच केले. कोल्हापूरच्या एका अनुभवी संपादकांना हस्तलिखित पाठवले आणि त्यांचे मानधन आगाऊ दिले. सहा आठवड्यांनी गठ्ठा परत आला. समासात पेन्सिलीने लिहिलेल्या टिपा आहेत, प्रकरणांचे क्रम बाणांनी बदललेले आहेत आणि पहिल्या पानाच्या डोक्यावर एकच ओळ आहे: ‘हे अजून छापायचे नाही.’ ती ओळ वाचून मी गठ्ठा उघडून बसले आहे आणि सध्या चौथे प्रकरण पुन्हा लिहीत आहे.